विषुववृत्तावरची कानटोपी

संचिता : आई, शेवटचं विचारतेय. ह्या दोन गोण्यांत काय आहे?

शुभदा : गोण्या नाहीत त्या. उशांचे अभ्रे आहेत, दोन-दोन जोडून शिवलेले.

संचिता : बरं, अभ्रे. अभ्र्यांत काय आहे?

शुभदा : भगिनी मंडळाची भेट. उद्या उपासनेत पाळकसाहेब त्यांच्यावर प्रार्थना करतील आणि सोमवारी तू ती घेऊन विमानात बसशील. जानेवारीपासून फोनवर सांगतेय मी. तू तिकडे घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये बसून नुसतं 'हो हो' करतेस.

संचिता : तू बोललेलीस, तिथल्या मुलांसाठी काहीतरी विणतोय. मला वाटलं बायबलात ठेवायच्या खुणा वगैरे असतील. उघडू का?

शुभदा : उघड. घड्या मोडू नकोस.

संचिता : आई.

शुभदा : काय?

संचिता : हा स्वेटर आहे.

शुभदा : मग काय छत्री वाटली?

संचिता : आणि ही कानटोपी आहे. वर गोंडा पण आहे.

शुभदा : गोंडे मीराबाईंच्या सुनेने केलेत. हात चांगला आहे तिचा.

संचिता : किती आहेत हे असे?

शुभदा : चौतीस मुलं, चौतीस स्वेटर, चौतीस टोप्या. एक स्वेटर यायचाय अजून. मीराबाई गुंड्या लावून आणतील एवढ्यात.

संचिता : आई, मे महिना चालू आहे. पंखा पाचवर आहे, तरी टॉप पाठीला चिकटलाय माझा. आणि मी मांडीवर लोकर घेऊन बसलेय.

शुभदा : मग मांडीवरून खाली ठेव ना. कुणी सांगितलंय मांडीवर घ्यायला?

संचिता : आम्ही बोर्निओला चाललोय गं. रेनफॉरेस्टमध्ये.

शुभदा : वर्षावन म्हणतात त्याला.

संचिता : वर्षावन. त्या वर्षावनात लोकर?

शुभदा : पाऊस असतो ना रोज? भिजलेल्या पोराच्या डोक्याला काही नको? तू लहानपणी जरा भिजलीस की आठवडाभर नाक वाहायचं तुझं.

संचिता : ती पोरं पावसात पोहतात. नदीवर घरं आहेत त्यांची. आणि विषुववृत्त जातं त्या बेटावरून. विषुववृत्त, आई. हे मी कुणाला सांगतेय? तू भूगोल शिकवायचीस ना? सातवीला मी पेपरात लिहिलेलं, विषुववृत्तीय प्रदेशाचं हवामान उष्ण असतं. 'व दमट' लिहिलं नाही म्हणून तू माझा अर्धा मार्क कापलेलास. स्वतःच्या मुलीचा.

शुभदा : नियम सगळ्यांना सारखा.

संचिता : मग आता तुझे किती मार्क कापू?

शुभदा : उद्धटपणा पुरे. ते निळं काय भरतेस?

संचिता : मोजे.

शुभदा : तुझ्या पायांना मोजे चालतात. त्या पोरांच्या डोक्याला टोपी चालत नाही.

संचिता : हे जळवांचे मोजे आहेत. जंगलात जळवा चढतात पायावर, म्हणून गुडघ्यापर्यंत घालायचे. ते गरम नसतात. ऐक ना, माझी बॅग कशी आहे बघ. निम्मी टीमच्या सामानाने भरलीय. ताडपत्री, पत्र्याचे स्क्रू, ओआरएस, मुलांचे रंग. उरलेल्या जागेत माझे कपडे. ह्यात चौतीस स्वेटर कुठे कोंबू?

शुभदा : स्क्रू कशाला?

संचिता : शाळेच्या स्वयंपाकघरावर पत्रे घालायचेत. सकाळी ते काम, दुपारी मुलांची सुट्टीतली बायबल शाळा.

शुभदा : पत्रे तू घालणार?

संचिता : आम्ही सगळे.

शुभदा : दाराच्या कडीला कॅलेंडर लटकतंय बघ. दिवाळीपासून. एक खिळा ठोक म्हटलं होतं तुला.

संचिता : तो विषय वेगळा आहे.

शुभदा : विषय एकच आहे. आणि तिथे देऊळ आहे ना आधीपासून? मंडळी आहे, पाळक आहेत?

संचिता : आहेत. चर्च आपल्यापेक्षा मोठं आहे. फोटो दाखवलेला ना तुला.

शुभदा : मग तुम्ही कशाला चाललाय?

संचिता : त्यांनी बोलावलंय म्हणून. आणि त्यांना काय हवं ते आधी विचारून चाललोय. ट्रेनिंगमध्ये ते मीच शिकवलंय सगळ्यांना. स्लाइड होती माझी. आपल्याला द्यावंसं वाटतं ते नेऊन लोकांच्या डोक्यावर ओझं टाकू नका. डोक्यावर, आई. आणि आता मी स्वतः डोक्यावर घालायच्या टोप्या घेऊन जाऊ? विकी मला जिवंत सोडेल का?

शुभदा : कोण हा विकी?

संचिता : आमचा टीम लीडर. ठाण्याचा. तू भेटलीयस त्याला, नाताळात.

शुभदा : तो गिटारवाला? त्याने स्वतः एक गिटार घेतलीय ना बरोबर? ती कुणी मागितली होती?

संचिता : तू ना... हे बघ, आपण एक मधला मार्ग काढू. स्वेटर छान झालेत. खरंच छान झालेत, वीण बघ काय एकसारखी आहे. इगतपुरीकडे वाड्यांवर देऊ. तिथे थंडीत पोरं कुडकुडतात. मी स्वतः नेऊन देते, डिसेंबरमध्ये.

शुभदा : गळ्याच्या आतून बघ.

संचिता : काय आहे? लिडिया. हे काय, नाव विणलंय?

शुभदा : भरलंय, दोऱ्याने. प्रत्येकावर आहे. तिथल्या पाळकांनी मुलांची नावं पाठवली होती, ती आम्ही चिठ्ठ्या टाकून वाटून घेतली. कुणाला दोन, कुणाला तीन. ज्या मुलाचा स्वेटर, विणताना त्या मुलासाठी प्रार्थना करायची. ओळ सुलट असली की नाव घ्यायचं, उलट ओळीला गप्प बसायचं. चार महिने लिडिया लिडिया करत विणलेला स्वेटर इगतपुरीच्या पोराला कसा देऊ? उगाच दुसऱ्याचं पत्र उघडल्यासारखं होईल.

संचिता : डोकं फिरायची वेळ आलीय माझी. आई, सॉरी, पण उद्या प्रार्थनेच्या आधी मी पाळकांशी बोलणार. हे जाणार नाही म्हणून सांगणार. आत्ता वाईट दिसेल, पण तिथे जाऊन हसं होण्यापेक्षा बरं.

शुभदा : बोल.

संचिता : रागावू नकोस.

शुभदा : रागावले नाही. बोल जाऊन. मीराबाई पहिल्या बाकावरच असतात, त्यांनाही ऐकू जाईल.

संचिता : आता मीराआजींचं काय मध्येच?

शुभदा : तुला काय वाटतं, मला कळत नाही? तीस वर्षं फळ्यावर विषुववृत्त काढलंय मी. खडूने. पट्टी न लावता.

संचिता : म्हणजे तुला माहीत होतं तिथे उकडतं ते?

शुभदा : अगं, माहीत नसायला काय झालंय?

संचिता : आणि तरी विणू दिलंस? सगळ्यांना?

शुभदा : ऐकशील का जरा? जानेवारीत मीराबाई सगळं मंडळ घेऊन न विचारता इथे आल्या, ह्याच खोलीत. मीराबाई म्हणाल्या, पोरांना स्वेटर विणू. तेव्हाच बोलणार होते, पण सगळ्या एकदम बोलायला लागल्या, रंग कुठला, लोकर कुठून. म्हटलं, पुढच्या मंगळवारी शांतपणे सांगू. आठवडाभर मनात जुळवत होते, कुणाला लागणार नाही असं कसं सांगायचं. पिशव्या शिवू म्हणणार होते. मंगळवारी मीराबाई आल्या, तर हातात लोकरीचा गुंडा. तपकिरी. कुरळा.

संचिता : कुरळा म्हणजे?

शुभदा : उसवलेली लोकर कुरळी असते. जुन्या टाक्यांचं वळण जात नाही लवकर. ऊन पाण्यात बुडवून, वजन बांधून वाळत घालावी लागते. त्यांच्या मुलाचा, रवींद्रचा स्वेटर होता तो.

संचिता : रवींद्रदादाचा? कंपनीत रात्रपाळीला घालून जायचा तो?

शुभदा : तोच. रवींद्र गेला त्याला चार वर्षं झाली. चार वर्षांत त्या स्वेटरला हात लावू दिला नाही त्यांनी कुणाला. सुनेने एकदा धुवायला घेतला तर दोन दिवस जेवल्या नाहीत. आणि तो स्वतःच्या हाताने उसवून घेऊन आल्या, माझ्यासमोर गुंडा ठेवला आणि म्हणाल्या, बाई, टाके घालून द्या, माझ्या वाटणीला दानीएल आलाय. आता तूच सांग. त्या बाईला मी काय सांगायचं होतं? हवामान उष्ण व दमट?

संचिता : मला हे कुठे माहीत होतं?

शुभदा : बोल ना. काय सांगायचं होतं?

संचिता : मग तेवढा एक नेते मी. दानीएलचा. शब्द देते तुला. बाकीचे राहू दे.

शुभदा : आणि बाकीच्या अकरा जणींना काय सांगू? तुमचं दुःख कमी पडलं?

संचिता : तसं नाही म्हणत मी.

शुभदा : मग कसं म्हणतेस? एकीचा स्वेटर विमानाने जाणार आणि दुसरीचा माळ्यावर. मंडळ फुटेल, मंडळ. तुला माहीत नाही ह्या बायका. हळदीकुंकवाच्या वाणावरून शेजारच्या सोसायटीत झाली नसतील तेवढी भांडणं आमच्याकडे नाताळच्या करंज्यांवरून होतात.

संचिता : बेल वाजली.

शुभदा : त्याच असतील. तोंड सरळ कर जरा. या, मीराबाई. सलाम.

मीराबाई : सलाम बाई. सलाम पोरी. काय गं, वाळली का तू? तिकडं घोडबंदरला जेवायला घालत न्हाईत व्हय?

संचिता : सलाम आजी. घालतात. बसा ना, पंख्याखाली बसा.

मीराबाई : बसते. जिना चढून जीव घाबरा झाला. हं, ह्ये घ्या, बाई. गुंड्या लावल्या. एक गुंडी येगळी हाय, जरा मोठी. मूळची त्याचीच हाय, बाकीच्या तुटल्या व्हत्या.

शुभदा : छान दिसतेय. मुद्दाम लावल्यासारखी. बाहीसुद्धा किती नीट बसलीय. चहा टाकते. अगं संचिता, दूध?

संचिता : संपलं. मी कॉफी केली सकाळी, दोनदा.

शुभदा : घरात पाऊल ठेवलं की आधी दूध संपवते ही. थांबा मीराबाई, खाली जाऊन आणते.

मीराबाई : राहू द्या वो. कशाला उन्हाचं?

शुभदा : बिनदुधाचा चहा देऊ का तुम्हाला? आलेच.

(शुभदा जाते. जिन्यात तिच्या चपलांचा आवाज.)

संचिता : आजी, एक बोलू? वाईट नका वाटून घेऊ.

मीराबाई : बोल की.

संचिता : तुम्ही एवढी मेहनत घेतली. स्वेटर फार सुंदर झालाय. फक्त तिथे ना, आम्ही जाणार तिथे, हवा जरा... थोडं गरम असतं तिथे.

मीराबाई : थोडं? आगं भाजून निघतं म्हनं. नातवानं मोबाइलवर दावलं मला. पोरं नुसत्या चड्डीवर उड्या मारत्यात पाण्यात.

संचिता : तुम्हाला माहीत आहे?

मीराबाई : पयल्या दिवसापासनं.

संचिता : मग स्वेटर विणू असं तुम्हीच कशाला बोललात?

मीराबाई : मंग काय विणू म्हणायचं? पिशव्या म्हणले असते, तर शिवणाची मशीन माझ्या घरी. समद्या माझ्याकडं बसल्या असत्या. विणकाम कोणाला येतं? एकट्या तुझ्या आईला. साळंत पोरींना त्याच शिकवायच्या. विणायचं म्हणलं की बाईकडं आल्याबिगर गत्यंतर न्हाई.

संचिता : म्हणजे आईसाठी?

मीराबाई : तू रागावू नको पोरी, पण तुला काय दिसत व्हतं तिकडनं? तुझे पप्पा गेले तवासुदिक बाई आठव्या दिवशी साळंत गेल्या. खंबीर बाई. पण साळा सुटली, रिटायर झाल्या, आन् त्याच साली तू तिकडं खोली घेतली. झालं. दार लावून बसल्या. बेल वाजवली तर आतनं म्हणायच्या, बरं न्हाई. देवळात येऊन शेवटच्या बाकावर बसायच्या, आशीर्वाद व्हायच्या आत पसार. दोन वर्सं चाललं आसं.

संचिता : मला फोनवर बोलायची, मस्त चाललंय.

मीराबाई : फोनवर काय, आमी बी मस्तच आसतो.

संचिता : आणि रवींद्रदादाचा स्वेटर?

मीराबाई : तुझी आई लई हुशार. मला ठावं व्हतं, फुडल्या मंगळवारी म्हणणार, तिथं उकडतं, ऱ्हाऊ द्या. आन् समद्यांना वाटंला लावून पुन्ना कडी घालणार. आता हिचं तोंड बंद कशानं व्हईल? घरी जाऊन इचार करत बसले. मंग उठले, रव्याचा स्वेटर काढला आन् बाहीपासनं उसवाया घेतला. म्हणलं, आता बोल म्हणावं.

संचिता : आजी, तो स्वेटर होता तुमचा. तुम्ही कुणाला हातसुद्धा लावू द्यायचा नाहीत.

मीराबाई : दहावीला दोनदा आपटला व्हता रव्या. तिसऱ्या खेपंला बाईंनी ह्याच खोलीत बसवून पास केला, पोळी-भाजी खाऊ घालून. त्या कागदावर नोकरी लागली त्याला. त्याच्या नावाचं जे उरलंय त्ये बाईच्या कामी येऊ द्या, एवढंच म्हणलं.

संचिता : खूप त्रास झाला असेल.

मीराबाई : पयली बाही उसवायला सारी रात लागली. अर्धा झाला तवा कळलं, मला बी त्यो सोडायचाच व्हता. कुणी मागत नव्हतं, म्हणून धरून बसले व्हते. आता ह्ये आईला सांगशील तर बघ.

संचिता : नाही सांगत. पण बाकीच्या? बाकीच्या बायकांना तरी खरंच वाटलं ना, तिथे थंडी आहे?

मीराबाई : येड्या हायेत का त्या? समद्यांच्या घरात टीव्ही हाय.

संचिता : म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. बारा बायका, चार महिने, ह्या उकाड्यात मांडीवर लोकर घेऊन बसल्या आणि एकीनेही तोंड उघडलं नाही?

मीराबाई : बोलायचं काय त्यात? चहा मिळत व्हता. बाई हसाया लागल्या व्हत्या. मागल्या मंगळवारी तर माझ्यावर वरडल्या, टाका सुटला म्हणून. साळंत वरडायच्या तशा. लई बरं वाटलं.

संचिता : मी सकाळपासून आईशी भांडतेय ह्यावरून. उद्या पाळकांना सांगणार होते, हे जाणार नाही म्हणून.

मीराबाई : आन् आता?

संचिता : आता मलाच कळत नाहीये. स्लाइड केलेली मी ह्याच्यावर. ओझं नेऊ नका म्हणून.

मीराबाई : ती पोरं घालू देत न्हाईतर उशाला घेऊ देत. पर त्यांच्या नावाचं हाय, त्यांच्या हातात दे. मंडळाला म्हण, पोचलं. तेवढ्यावर भागंल आमचं. जिन्यात चपला वाजल्या बघ. डोळं पूस.

शुभदा : काय चाललंय? हिने काही सांगितलं का तुम्हाला, मीराबाई?

मीराबाई : काय न्हाई. तिकडं पाऊस लई हाय म्हणत व्हती. पोरं भिजत्यात म्हनं.

शुभदा : असं म्हणाली ही?

संचिता : हो. भिजतात ना रोज.

शुभदा : डोळ्यांना काय झालं तुझ्या?

संचिता : लोकर गेली. आता दोघी जरा गप्प बसा, मी विकीला फोन लावतेय. हॅलो, विकी? हो, भरतेय बॅग. ऐक ना, सामान वाढलंय थोडं. नाही रे, फराळ नाही. कपडे आहेत, मुलांचे. कसले म्हणजे, विणलेले. हो. हो, लोकरीचेच. झालं हसून? स्लाइड मीच बनवलेली, मला नको वाचून दाखवू. नाही, ते सांगता येणार नाही तुला, भेटल्यावर पण नाही. प्रत्येकाच्या बॅगेत तीन-तीन टाकू, माझ्या बॅगेत उरतील ते. माझे कपडे कमी करते मी. मग तुझी गिटार ठेव घरी. तिथे चर्चमध्ये आहेत, फोटोत बघितल्यात मी. ते जाऊ दे, मला एक सांग. तिथे तापमान किती असतं? दिवसाचं नाही विचारलं. रात्री. नदीकाठी, पाऊस पडून गेल्यावर, पहाटे. बघ ना मोबाइलवर, थांबते मी. किती? बावीस? नक्की बावीस? अरे, मग झालं की. बावीसला डोंबिवलीत लोक मफलर गुंडाळून दूध आणायला जातात. ठेवते.

शुभदा : किती म्हणाला?

संचिता : बावीस.

शुभदा : बावीस. आणि वर दमट. मी म्हटलं होतं, पोरांच्या डोक्याला काहीतरी हवं.

मीराबाई : म्हणलंच व्हतं तुमी.

संचिता : दे तो दानीएलचा इकडे. हा वर ठेवते, कपड्यांच्या. चुरगळणार नाही.

मीराबाई : आन् बाई, पायात? डोक्याला केलं, अंगाला केलं. पायात काय घालतील पहाटं?

शुभदा : पायांचा विचारच केला नाही आपण. पण मोज्याची टाच अवघड असते हो, मीराबाई. सगळ्यांना नाही जमायची.

मीराबाई : मंग शिकवा की. मंगळवारी येतो समद्या.